'इन' लागला की उलट

मी रश्मीची दोनशे पानी वही बोलतेय. माझ्या एका पानावर चूक आहे आणि तिच्यापायी एका माणसाचे दोन्ही हात भाजले.

रश्मी कामथडीची. तिला इंग्रजीची शिक्षिका व्हायचं होतं. भोरच्या दुकानातून मला आणलं त्याच दिवशी तिनं पानापानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. 'दॅन' आणि 'देन'मध्ये तिची हमखास गल्लत व्हायची. 'दॅन म्हणजे आपलं पेक्षा' असं लिहिलं आणि ती गल्लत मिटली. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते मधेच घुसतं, हे उमगलं तेव्हा ती एकटीच हसत बसली होती.

मग तिला एक नियम सापडला. आपल्याकडे शक्यचं अशक्य होतं, तसं तिकडे 'करेक्ट'चं 'इनकरेक्ट', 'व्हिजिबल'चं 'इनव्हिजिबल'. 'इन' लागला की उलट. त्याच भरात तिनं लिहून टाकलं : फ्लेमेबल, पेट घेणारे, इनफ्लेमेबल, पेट न घेणारे. कोशात पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही.

तिचे वडील संजय हायवेलगतच्या शेडमध्ये गॅस कटरनं जुनी पत्र्याची पिंपं कापून गुरांसाठी पाण्याच्या कुंड्या करायचे. माणूस सावध. एकदा भंगारातून निळं पिंप आलं. आत काही नव्हतं, पण वास उग्र होता. त्यांनी रश्मीला हाक मारली.

"यावर काय लिवलंय गं?"

"इनफ्लेमेबल. म्हंजी पेट न घेणारं."

"नीट बग."

तिनं मला उघडलं, ओळीवर बोट ठेवलं. "वहीत हाय, पप्पा."

मला ओरडता येत नाही. कटरची ज्योत पत्र्याला टेकली, आत कोंडलेली वाफ भडकली आणि पिंपाचं झाकण शेडचं छप्पर फोडून गेलं. रश्मी दाराशी होती म्हणून वाचली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पेट घेणारं. रश्मीनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. संजयच्या हातांना बोटांपर्यंत पट्ट्या होत्या. ते म्हणाले, "वही जाळू नको. खोडून नीट लिव."

तिनं लाल शाईनं दुरुस्ती केली. पण विंझरला शिकवणी घेणाऱ्या शुभांगीनं, तिच्या मैत्रिणीनं, त्या पानाचा फोटो आधीच नेला होता. शिकवणीच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो कुठं कुठं गेला. रश्मीनं फोन करकरून तो पुसायला लावला. कुणी पुसला, कुणी नुसतं हो म्हणालं.

परवा भोंगवलीच्या एका अनोळखी नंबरावरून तेच पान तिच्या मोबाईलवर आलं, लाल शाईवाचून. खाली लिहिलं होतं, लई उपयोगी, पुढं पाठवा.

ते पान तुमच्याकडे आलं असेल, तर पुढे पाठवू नका. आणि एखाद्या पिंपावर तो शब्द दिसला, तर अर्थ नंतर शोधा. आधी विस्तव लांब न्या.