क्लॉडीनचा तंबू

महिन्यातून दोन शनिवार अटलांटाहून बस येते आणि आमच्या माउंट नेबो चर्चच्या अंगणात चाळीसेक माणसं उतरतात. सगळी आपलीच, काळी. कुणी शिकागोची, कुणी न्यू जर्सीची. आजी-आजोबा जिथून निघाले ती माती बघायला आलेली. डॉसेट मास्तर त्यांना घेऊन येतात. आधी चर्च दाखवतात, मग मागचं दफनस्थान, आणि शेवटी रस्त्यापलीकडच्या माळावर नेऊन क्लॉडीनसमोर उभं करतात. मी तोवर स्वयंपाकघरात चवळी ढवळत असते.

क्लॉडीन माझी चुलत बहीण. पासष्ट सालच्या हिवाळ्यात तिच्या बापानं, म्हणजे माझ्या रूफसकाकांनी, मतदार यादीत नाव घातलं म्हणून मळ्याच्या गोऱ्या मालकानं त्यांना खोपटातून हाकललं. अशी सात कुटुंबं त्या माळावर तंबू ठोकून राहिली. क्लॉडीन चौदाची होती, मी तेराची. चार महिने तंबूत काढून ती आईबापांबरोबर डेट्रॉइटला गेली, ती नवरा वारल्यावर, चार वर्षांमागं परत आली.

मी कुठंच गेले नाही. चर्चची झाडलोट मी केली. छप्पर गळायला लागलं तेव्हा दारोदार मी फिरले. कबरींवरचं गवत पन्नास वर्षं मी उपटलं. आणि माळावर त्या तंबूंच्या आठवणीचा फलक लागला तेव्हा त्यावर फोटो कुणाचा, तर क्लॉडीनचा.

जांभळी टोपी घालून ती माळावर उभी राहायची. ठरलेल्या वाक्याला तिचा आवाज कापरा व्हायचा आणि बायका पुढं होऊन तिला मिठ्या मारायच्या. जेवायला आल्या की त्याच बायका मला म्हणायच्या, कोंबडी छान झालीय हं. बस्स. माझं नावसुद्धा कुणी विचारायचं नाही. मी हसून वाढायचे आणि आतल्या आत जळायचे.

मार्चमधल्या एका शनिवारी मी चूल बारीक केली आणि एप्रनवरच माळावर जाऊन घोळक्यामागं उभी राहिले. क्लॉडीन सांगत होती, एका रजईत सहा जणं झोपायचो, तंबूच्या कापडावर आतून दव गोठायचं. मग म्हणाली, "त्या चार महिन्यांत गावातलं कुणी आमच्याकडं फिरकलं नाही."

"मी आले होते," मी म्हणाले.

सगळ्या माना मागं वळल्या.

"पहाटे. भाजलेली रताळी घेऊन, आईनं फडक्यात बांधून दिलेली. एकदा नाही, नऊदा. सालासकट खाल्लीस, क्लॉडीन. आणि आता म्हणतेस, कुणी फिरकलं नाही?"

क्लॉडीननं माझ्याकडं बघितलं. "आली होती खरी," एवढंच म्हणाली आणि मास्तरांना म्हणाली, चला, जेवण निवतंय. मयताच्या वेळी भांडण काढणारीकडं बघावं तशी माणसं माझ्याकडं बघत होती. त्या दिवशी कोंबडी चांगली झालीय असंही कुणी म्हणालं नाही.

बस गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. फडकं उचललं आणि मी धुतलेल्या ताटल्या पुसायला लागली. मी पातेलं घासत राहिले. मग ती म्हणाली.

"रताळ्यांचं सांगितलं असतं, व्हर्नेल, तर लोकांनी विचारलं असतं, सख्ख्या पुतणीनं चोरून का आणावीत. मग मी काय सांगायचं?"

बाबांनी आम्हाला माळाकडं जायची बंदी घातली होती, हे मला ठाऊक होतं. बाकीचं त्या दिवशी तिच्याकडून कळलं. कापसाच्या गिरणीसमोर मळ्याच्या त्याच गोऱ्या मालकानं बाबांना विचारलं होतं, तो रूफस तुझा भाऊ ना? बाबा म्हणाले होते, मला भाऊ नाही. रूफसकाका चार पावलांवर उभे होते, क्लॉडीन त्यांचा हात धरून.

"दर खेपेला ही माणसं तुझ्या बापाच्या कबरीपुढंही डोकं झुकवतात," ती म्हणाली. "मी झुकवू देते."

तिचे पाय धरावेत असं वाटायला हवं होतं. पण मला हेवाच वाटला. दुःख मोठं तिचं, डेट्रॉइट तिचं, फलकावरचा फोटो तिचा, आणि आता मोठं मनही तिचंच. माझ्या वाट्याला उपकार, तेही चार वर्षं मला न कळता केलेले. मी म्हणाले, ताटल्या ठेव, मी पुसते.

पुढची बस आली तेव्हा मी मास्तरांना सांगितलं, दफनस्थानात आज मी बोलणार. बाबांच्या कबरीपाशी उभी राहिले. हा माझा बाप, म्हणाले. भावाला रस्त्यावर काढलं तेव्हा यानं भाऊ नाकारला. घरात आम्ही पाच लेकरं होतो आणि हा घाबरला होता. पाच वर्षांनी यानंही यादीत नाव घातलं, पण तोवर रूफसकाका परमुलखात वारले होते. आणि आई रताळी भाजायची, ती राखेत पुरून, बाबांना वास येऊ नये म्हणून.

मला रडू आलं नाही. मला कुणी मिठीही मारली नाही. फक्त न्यू जर्सीचा एक म्हातारा, हातातली टोपी चुरगाळत, म्हणाला, "माझाही बाप गप्प बसला होता. हे मी अजून कुणाला बोललो नव्हतो." मग आणखी एक बाई बोलली, तिच्या आज्याबद्दल. मग तिसरा कुणी. कुणी जागचं हलेना. मास्तर सारखे घड्याळ बघत होते.

माळावर क्लॉडीन एकटीच उभी होती. माणसं पोचली तेव्हा तिनं नेहमीचं सगळं सांगितलं, रताळ्यांसकट, पण भराभर.

जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ आली. "अर्धा तास उन्हात उभं केलंस मला," म्हणाली. "एवढं काय सांगत होतीस?"

तिच्या आवाजातली धार मी तेव्हाच ओळखली. चार वर्षं ती माझ्याच घशात होती. मी तिला खुर्ची ओढून दिली आणि ताट वाढलं.