समेटाची नोंद, संदर्भासहित

मी एक नोंद बोलतेय. दुकानाच्या वहीतली नव्हे आणि पोलीस ठाण्यातलीही नव्हे. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा एक ज्ञानकोश असतो ना, त्यातलं मी एक पान. दोन शेजारी देशांनी चाळीसेक वर्षं धरलेला अबोला सोडला, दूतावास पुन्हा उघडायचे आणि सीमेवरचं फाटक खोलायचं ठरवलं, त्या समेट-कराराची मी नोंद. विषय भारदस्त आहे खरा, पण मला घडवणारी माणसं अगदी घरगुती होती.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यात झाला. कराराची बातमी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नुकतंच एका पेशंटला भुलीचं इंजेक्शन दिलं होतं. हिरडी बधिर व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात त्यांनी मला दोन ओळींत लिहून टाकलं आणि खुर्चीतल्या पेशंटला वाचून दाखवलं. "बरोबर वाटतंय का?" त्याच्या तोंडात कापूस होता. त्यानं मान हलवली. तो माझा पहिला वाचक, आणि आजवरचा सगळ्यात कमी भांडखोर.

ज्ञानकोशात लिहिताना खरं नाव लावावं लागत नाही. बाईंनी टोपणनाव घेतलं होतं 'दाढदुखी'. थोड्याच दिवसांत त्यांना जोडीदार मिळाला, 'भूगोल-मास्तर'. हा सीमेपलीकडच्या गावातला शाळामास्तर. फाटक त्याच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. दोन्ही देशांत भाषा एकच. भांडताना दुभाष्याची अडचण नको, म्हणून असावी.

आणि भांडले तरी किती! माझ्या पहिल्या ओळीत कुठल्या देशाचं नाव आधी घ्यायचं यावरून जुंपली. बाई सकाळी आपला देश पुढे आणायच्या, दुपारी मास्तर त्याचा आणायचा. तिकडे दोन्ही सरकारं हातात हात घालून फोटो काढून घेत होती, आणि इकडे माझ्या अंगावर लढाई चालूच. शेवटी एका प्रचालकानं, म्हणजे आमच्याकडच्या मुख्याध्यापकानं, मला दोन दिवस कुलूप घातलं आणि बजावलं, "वर्णक्रमानं लावा आणि गप्प बसा." दोघं गप्प बसले. मला हायसं वाटलं. रोज कुणी आपलं नाव उलटंपालटं केलं तर जीव मेटाकुटीला येतो.

मास्तरची एक खोड होती. कुठलंही वाक्य दिसलं की त्याच्या शेपटीला तो 'संदर्भ हवा' अशी पाटी लावायचा. म्हणजे हे कशावरून म्हणता, ते दाखवा. करारावर सह्या झाल्या? संदर्भ हवा. झेंडे चढले? संदर्भ हवा. मला ती पाटी कपड्यात अडकलेल्या कुसळासारखी टोचायची. पण आता मी म्हणते, माणूस त्रासदायक होता, चुकीचा नव्हता.

बाईंची आई दवाखान्यातच बसायची. पेशंटची नावं घ्यायची, फोन उचलायची, घाबरलेल्यांना "काही दुखत नाही हो" असं बेधडक खोटं सांगायची. तिची धाकटी बहीण लग्न होऊन पलीकडच्या देशात गेली आणि पाठोपाठ फाटक बंद झालं. तेव्हापासून दोघींची गाठ पडली नव्हती. ती याबद्दल कधी बोलायची नाही. फक्त माझा जन्म झाल्यापासून ती रोज लेकीच्या खांद्यावरून माझ्यात डोकवायची.

"आज काय वाढलं गं तिच्यात?" ती विचारायची. जणू मी घरात नव्यानं आलेलं बाळ.

"आज दूतावासाचा पत्ता आला, आई."

"पत्ता कशाला? माणसांना कधी जाता येईल ते लिही की."

आणि एक दिवस ते वाक्य आलं. कुण्या बिननावाच्या पाहुण्यानं ते माझ्यात टाकलं आणि तो निघून गेला: 'पासष्ट वर्षांवरील नागरिकांना प्रवेशपत्राशिवाय फाटक ओलांडता येते.' असे पाहुणे माझ्याकडे पुष्कळ येतात. कुणी खोडी काढायला येतो, कुणी ऐकीव गोष्ट खरी मानून. हा कोण होता, मला आजही माहीत नाही. मनातली इच्छा बातमीसारखी लिहून गेला असावा.

मास्तरनं सवयीप्रमाणे पाटी लावली. बाई संदर्भ शोधायला लागल्या, आणि सापडलाही. एका बऱ्यापैकी खपाच्या वर्तमानपत्रात अक्षर न् अक्षर तेच छापून आलं होतं. बाईंनी तो संदर्भ जोडला, पाटी काढली आणि हाक मारली, "आई, इकडे ये. वाच."

आईनं चष्मा लावून दोनदा वाचलं. ती अडुसष्ट वर्षांची होती. ती समोरच्या बाकावर बसली. मग बहिणीला फोन लावला. टेलिफोनची लाइन करारानंतर लगेच सुरू झाली होती. "येतेय मी," एवढंच म्हणाली. पलीकडून बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

त्या आठवड्यात दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ही बातमी कळली. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात मानाचे दिवस. "माझ्या लेकीनंच लिहिलंय ते," आई सांगायची, आणि माझी छाती फुगायची. कशावरून फुगतेय, ते तपासायचं मला सुचलं नाही.

जायचा दिवस उजाडला. बाईंनी आईला सकाळच्या बसमध्ये बसवलं, निळी पिशवी मांडीवर दिली आणि दवाखान्यात येऊन नेहमीसारखं मला उघडलं. चर्चापानावर मास्तरचा निरोप होता. चर्चापान म्हणजे माझी मागची बाजू. भांडणं तिथं करायची असतात.

'श्री. दाढदुखी यांस. त्या वर्तमानपत्राची तारीख पाहिलीत का? आपल्याकडे हे वाक्य आलं, त्यानंतर ती बातमी छापली गेली आहे. पत्रकारानं ते आपल्याकडूनच उचललं आणि आपण त्यालाच साक्षीला उभं केलं. मूळ करार आणि त्याचं जोडपत्र मला आज मिळालं. वयाचा उल्लेख त्यात कुठेही नाही. वाक्य काढायला हवं. तुम्ही काढता की मी?'

वळचणीचं पाणी आढ्याला चढलं होतं. मी पेपरला सांगितलं, पेपरनं मला सांगितलं, आणि दोघांचंही ऐकून एक म्हातारी आई बसमध्ये बसून निघाली होती. बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यांनी आईला फोन लावला. तो शेजारच्या टेबलावर वाजला. आई चार्जिंगला लावलेला फोन विसरून गेली होती.

बाईंनी भराभर लिहिलं. 'मी श्री. नाही, श्रीमती आहे. माझी आई हे वाक्य वाचून आत्ता बसनं फाटकाकडे निघाली आहे. तिची बहीण पलीकडे वाट पाहत उभी असेल. आईजवळ प्रवेशपत्र नाही. काय करू?'

उत्तर आलं नाही.

आता खरं सांगायचं तर वाक्य तसंच ठेवणं सोपं होतं. फाटकावरच्या साहेबांनाही अजून वरून नीट सूचना आल्या नव्हत्या. तेही मलाच बघत असत, हे मला पक्कं ठाऊक होतं. वाक्य दुपारपर्यंत राहिलं असतं तर आई कदाचित सुखरूप पलीकडे गेली असती. बाईंचं बोट हवेत थांबलं होतं.

खुर्चीत एक आजोबा कवळीचं माप द्यायला बसले होते. "डॉक्टर, जरा लवकर होईल ना?" ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात मीही जाणार आहे पलीकडे. तुमच्या आईंनीच सांगितलं, आता काही लागत नाही म्हणून."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वाक्य काढलं आणि कारण लिहिलं: 'चूक माझी. संदर्भ खोटा ठरला.' माझ्या अंगावरून आजवर हजार वाक्यं गेली असतील, पण इतक्या जड हातानं काढलेलं दुसरं नाही. नंतर त्या आजोबांना म्हणाल्या, "थांबा, तुम्हाला एक सांगायचंय," आणि सगळं सांगितलं.

मला एकाच वेळी अनेक ठिकाणी असायची सवय आहे. फाटकावरच्या साहेबाच्या मोबाइलमध्येही मी होते. आई समोर उभी राहून सांगत होती, "पासष्टच्या वरच्यांना काही लागत नाही. लिहिलंय तसं."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं मला उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मोबाइल तिच्यापुढे धरला. "कुठं लिहिलंय, मावशी? दाखवा बरं."

आईनं शोधलं. बोटानं मला वर सरकवलं, खाली सरकवलं. "काल होतं हो," ती म्हणाली. "माझ्या लेकीनं लिहिलंय." तिचा आवाज बारीक झाला होता. जाळीपलीकडे एक म्हातारी हात वर करून उभी होती, आणि इकडे मी ढिम्म. मला तोंड असतं तर मी तिथं आरडाओरडा केला असता. साहेबानं तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि परतीची बस कधी आहे ते सांगितलं.

मास्तर का गप्प होता, ते तेव्हा कळलं. त्याच्या शाळेत परीक्षा चालू होती. वर्गावरची देखरेख दुसऱ्याच्या गळ्यात मारून तो सायकलवर बसला होता. बाईंचा निरोप पाहून निघण्यापूर्वी त्यानं जोडपत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं होतं. पहिल्या वेळी तो फक्त वय शोधत होता. या वेळी माणसं शोधत होता.

पलीकडच्या साहेबापुढे त्यानं कागद ठेवला. "हे कलम बघा. ताटातूट झालेल्या सख्ख्या नातेवाइकांना फाटकाच्या जकात-दालनात भेटता येईल. ओळखपत्र पुरे. प्रवेशपत्र लागत नाही, कारण कुणी ओलांडून जातच नाही."

"आम्हाला असं काही आलेलं नाही," साहेब म्हणाला.

"तुम्हाला येईल तेव्हा येईल. तुमच्या मंत्र्यांची सही आहे खाली. वाचा, मी थांबतो."

हा माणूस संदर्भासाठी किती वेळ थांबू शकतो, ते मला विचारा. साहेबानं वाचलं. मग अलीकडच्या साहेबाला फोन केला. दोघांनी आपापल्या बाजूचं दार उघडलं. ते दालन म्हणजे पत्र्याचं छत, लांबलचक टेबल आणि पिशव्या तपासायचा वजनकाटा. दोघी दोन दारांनी आत आल्या.

"किती गं वाळलीस," थोरली म्हणाली.

"आणि तू? दात तरी शाबूत आहेत का?"

"लेक डॉक्टर आहे म्हटलं माझी."

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही, कारण मास्तरनं मोबाइल खिशात टाकला आणि तो दाराकडे पाठ करून उभा राहिला. थोड्या वेळानं माझ्या चर्चापानावर तीनच शब्द उमटले: 'श्रीमती दाढदुखी, भेटल्या.' दवाखान्यात बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तोंडावरचा मास्क काढला आणि खुर्चीतल्या पेशंटसमोरच मनसोक्त रडून घेतलं.

संध्याकाळी मास्तरनं माझ्यात खरं कलम लिहिलं, जोडपत्राच्या पान क्रमांकासकट. बाईंनी त्याखाली हौसेनं एक ओळ घातली: 'या तरतुदीनुसार पहिली भेट दोन बहिणींची झाली.' मास्तरनं ती लगेच उडवली. कारण दिलं: 'संदर्भ नाही. मी स्वतः तिथं होतो, तरीही.' या वेळी बाई भांडल्या नाहीत. हसल्या.

"मग आम्ही नाहीच का त्यात?" आईनं परत आल्यावर विचारलं.

"नाही, आई."

"नसू दे. उगाच जागा कशाला अडवायची? भेटलो ना."

आता मी तशी निवांत आहे. कुलूप केव्हाच निघालंय, भांडणं कमी झालीत, मुलं गृहपाठासाठी माझी पहिली ओळ उतरवून नेतात. तुम्हाला एवढीच विनंती, मला वाचाल तेव्हा वाक्याच्या टोकाशी असलेल्या संदर्भाच्या बारीक आकड्यावर बोट ठेवा आणि मी कुणाच्या भरवशावर बोलतेय ते बघा. त्या भेटीच्या पुढच्याच आठवड्यात ते कवळीवाले आजोबा पलीकडच्या भावाला भेटायला गेले. माझ्यातलं ते कलमाचं रूक्ष वाक्य त्यांनी साहेबाला दाखवलं, आणि साहेबानं दार उघडलं.