उजव्या बाजूची फळी

मामांच्या बोटीला नावं ठेवायची म्हणजे अख्ख्या सासरशी वाकडं घ्यायचं, हे तिला पक्कं माहीत होतं. ती क्लबात शिडाच्या बोटी चालवायला शिकवायची, नवरा औषधाचं दुकान बघायचा. दोघांना किनाऱ्याकिनाऱ्याने बंदरं पाहत फिरायचं होतं. आणि नवऱ्याचे मामा, आयुष्यभर जहाजांवर इंजिनिअर असलेले, आपली मध्यम आकाराची जुनी बोट विकत होते. “घरची वस्तू घरातच राहील,” असं सासूबाईंनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

धक्क्यावर तिने प्लास्टिकच्या हातोडीने डेक ठोकायला सुरुवात केली. टक, टक, टक. डोलकाठीच्या उजवीकडे आवाज बसका झाला.

“सूनबाई, बोट बघताय की कलिंगड?” मामा म्हणाले. नवरा खो खो हसला.

“मामा, इथे आत पाणी मुरलंय.”

“बोट आहे. पाणी लागणारच.”

ती केबिनमध्ये उतरली. डोलकाठीला उजवीकडून ताणून धरणाऱ्या तारा त्याच जागी डेकमधून खाली आल्या होत्या आणि स्टीलच्या पट्टीने एका उभ्या प्लायवूडच्या फळीला जखडल्या होत्या. सगळी केबिन पिवळट पडलेली, आणि ही एकटीच फळी पांढरीशुभ्र. तिने टोचून बघायची परवानगी मागितली.

“रंग खराब होईल. त्यापेक्षा चालवून बघा ना!” मामांनी विषय मिटवला.

जाताना वारा पाठीमागून होता. बोट लोण्यासारखी सरकत होती. नवरा सुकाणू धरून इतका खूश, की तिलाच आपण उगाच किरकिर केल्यासारखं वाटलं. परत फिरल्यावर मात्र वारा समोरून आला आणि वाढतच गेला. आता नागमोडी वळणं घेत यायचं होतं. उजवीकडून वारा घेतल्याबरोबर बोट डावीकडे कलली, सगळा ताण उजव्या तारांवर आला आणि खालून कर्र असा आवाज आला.

ती खाली धावली. पांढऱ्या रंगाला उभी चीर पडली होती. चिरेतून तपकिरी पाणी झिरपत होतं, आणि प्रत्येक लाटेबरोबर स्टीलची पट्टी वर सरकत होती.

“बोट वळव! वारा डावीकडून घे!” ती ओरडली.

“वळवू नकोस,” मामा कडाडले. “तिकडे खडक आहेत!”

नवरा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

“मामा, खाली या. हात लावून बघा. मग काय हवं ते बोला.”

मामा पुटपुटत उतरले. त्यांनी फळीवर तळहात ठेवला. पुढच्या लाटेला पट्टी हलली आणि त्यांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

“वळव रे,” ते हळूच म्हणाले. “ती सांगते तसं कर.”

बोट वळली. उजव्या तारा सैलावल्या, पण आता काळे खडक समोरून येत होते. तिने शिडं खाली ओढली. डोलकाठीच्या टोकावरून येणारा एक जादा दोर त्या तारांच्या जागी आधार म्हणून उजव्या कडेला नेऊन सगळ्या ताकदीने आवळला. मामांनी इंजिन सुरू केलं. ते खोकलं आणि बंद पडलं. मामा गुडघ्यावर बसले आणि डिझेलच्या नळीतली हवा काढू लागले. खडकांवर आपटणाऱ्या लाटांचा आवाज आता स्पष्ट ऐकू येत होता. नवऱ्याने सुकाणू घट्ट धरून ठेवलं होतं.

इंजिन धडधडलं. बोट खडकांना पाठ दाखवून संथपणे बाहेर पडली.

धक्क्याला दोर बांधून झाल्यावर मामा म्हणाले, “पावसाळ्यात गळत होतं. मीच रंग मारला. वाटलं, वरवरचं असेल.”

“मामा, आम्ही दोघंच निघालो असतो हिच्यातून!” नवऱ्याचा आवाज फाटला.

सासूबाईंनी अबोला धरला. “माझ्या भावाला खोटं पाडलं,” असं त्या येईल त्याला सांगत होत्या. तिने खुलासा केला नाही. नवऱ्यालाही करू दिला नाही.

मग एके दिवशी मामांचाच फोन आला. “डोलकाठी उतरवली. फळी कापून काढली, सूनबाई. हाताने चुरा होतोय तिचा. ताईलाही बोलावून दाखवला. नवी फळी बसवतोय. विकत घ्या म्हणत नाही. पण ठोकून बघायला याल का?”

“येते,” ती म्हणाली. “पण या वेळी टोचूनही बघणार.”

“बघा,” मामा म्हणाले. “रंग लावलेलाच नाही अजून.”