चार हात कमी पडलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना नायलॉनचा दोर आहे. माझ्या पराक्रमाची गोष्ट ऐकायला बसला असाल तर उठा बरं, कारण ऐन वेळी मी पुरलो नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांगला चाळीस हात लांब होतो. एकोणीसशे नव्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिलच्या लढाईत मला समाधानच्या खांद्यावर दिलं. समाधान सटाण्याकडचा शिपाई, बोलायला कमी. त्याचा जोडीदार रंगनाथ येवल्याचा. चढाईच्या आदल्या दुपारी रंगनाथला खेचरावरचं रेशन बांधायला दोरी सापडेना. त्याने माझा चार हातांचा तुकडा कापला, टोक काडीने जाळून बंद केलं आणि कुणालाच सांगितलं नाही. अहो, तंबूत दुसरा दोर होता. मागितला असता तर मिळाला असता!

दुसऱ्या दिवशी सकाळी कड्यावर रंगनाथच्या मांडीत गोळी घुसली. वरच्या बंकरमधून मारा चालूच होता. बाकीचे खाली उतरले, समाधान हटला नाही. दगडाआडून एकट्याने गोळ्या झाडत त्याने बंकर जरा वेळ गप्प केला, मला रंगनाथच्या छातीभोवती बांधलं आणि त्याला खाली सोडू लागला. खाली आपले जवान हात वर करून उभे होते. आणि मी संपलो. रंगनाथ अधांतरी लोंबकळत राहिला. जीव तुटेस्तोवर ताणलो, पण वीतभरसुद्धा वाढलो नाही हो.

तेव्हा रंगनाथ ओरडला, "समाधान, दोर मी कापलाय!"

"आता बोलू नको. पाय टेकले की सांग," समाधान म्हणाला.

मग तो दगडाचा आडोसा सोडून उघड्यावर आला, कड्याच्या काठावर पालथा झाला आणि मला धरलेले हात त्याने खाली लांबवले. बंकर पुन्हा सुरू झाला. दोन गोळ्या त्याच्या पाठीत शिरल्या, तरी मूठ सैल झाली नाही. "टेकले" असं खालून ऐकू आलं, तेव्हाच ती सुटली.

पुढे मला शहीद समाधानच्या घरी पाठवलं. त्याची आई गोजराबाई मला रोज पदराने पुसायची, आल्यागेल्याला दाखवायची. गावाने मला हार घातला. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रंगनाथ दर वर्षी लंगडत यायचा, तिच्या हातचं जेवायचा, पण ती गोष्ट काही त्याच्या तोंडून निघायची नाही. गोजराबाई त्याला पोटच्या पोरासारखं मानायची.

सातव्या वर्षी त्याला राहवेना. "आई, दोर मीच कापला होता. आदल्या दिवशी सांगितलं असतं तर तो आज असता."

गोजराबाई उठली. मग तिने मला खुंटीवरून काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"लई जाय. आते हाऊ मना घरमा नको. तू बी येऊ नको."

मला घेऊन जा आणि तूही पुन्हा येऊ नको, असं ती आपल्या अहिराणीत म्हणाली. तेव्हापासून मी येवल्याला रंगनाथच्या घरात एका पेटीमागे पडून आहे. तो माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, ज्या वस्तूवर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो ती आपल्या सोयीसाठी कापू नका. चुकून कापलीच, तर त्याच संध्याकाळी सांगा. सात वर्षांनी सांगून कुणाचा मुलगा परत येत नाही.