गाडी सरळ धरायला

ठकूने तेलाच्या डब्याचं बूच फिरवलं, तोच खिडकीतून दादा ओरडला.

"ओतू नकोस!"

ती दचकली. डबा हिंदकळला आणि थोडं तेल अंगणातल्या फरशीवर सांडलं.

"अरे, इंजिनाच्या काचेत तेलाचा टिपूससुद्धा दिसत नाही. कोरडी ठणठणीत आहे."

"गाडी स्टँडवर डावीकडे कललीय आणि काच आहे उजव्या अंगाला. तेल सगळं पलीकडे गेलंय. वर आणखी ओतलंस तर चढावर धूर ओकत बसेल."

सकाळपासून तो खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा येरझारा घालत होता. ठकू आज निघणार होती. डोंगरापलीकडच्या गावांमध्ये गुरांची डॉक्टर म्हणून तिची पहिलीच नेमणूक होती, आणि तिथे गोठ्यागोठ्याला जायचं तर गाडी हवीच. गाडी दादाची. गेल्या हिवाळ्यात एका वळणावर खडीवरून घसरली, तेव्हा त्याचा पाय मोडला आणि इंजिनाचं झाकण फुटलं. मेकॅनिकने नवं झाकण बसवलं, डॉक्टरांनी पाय जोडला. दोघांनीही आता काही अडचण नाही म्हणून सांगितलं. तरी दादा अंगणातून जाताना गाडीपासून लांब, समोरच्या भिंतीला घासून जाई. "तूच घेऊन जा," असं ठकूला म्हणाला तेही वर्तमानपत्रातून मान वर न काढता.

ठकूने डबा खाली ठेवला. हँडल धरून गाडी उभी केली आणि तशीच वाकून काच बघायला गेली. गाडी डुलली. तिने घाईघाईने सावरली.

"एकटीला नाही जमायचं," दादा खिडकीचे गज धरून म्हणाला. "या गाडीला मधला स्टँड नाही. एकाने धरायची, दुसऱ्याने बघायचं."

"आई, ये गं जरा धरायला!"

"माझे हात पिठात आहेत," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि ते धूड माझ्या अंगावर आलं तर पहिला रोगी मीच. तुझी औषधं गुरांची, मला नकोत."

ठकू हसली. शेजारच्या घराला कुलूप होतं. तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि हेल्मेट उचललं.

"जाऊ दे. मेकॅनिकने बघूनच दिलं असेल. ऊन चढायच्या आत घाट ओलांडते."

दादाच्या डोळ्यांपुढे घाट आला. नव्या झाकणाच्या कडेने पाझरणारं तेल, आटत आटत कोरडं पडलेलं इंजिन, चालता चालता जाम झालेलं चाक. त्याने गज सोडले.

"थांब!"

तो अनवाणीच बाहेर आला. भिंतीच्या कडेने नाही, सरळ.

"आधी सुरू कर. तेल फिरू दे."

इंजिन सुरू झालं तसा तो एक पाऊल मागे सरला. पण गेला नाही. थोड्या वेळाने त्याने बंद कर अशी खूण केली. तेल खाली निथळेपर्यंत दोघं थांबली. तो तळहात पुन्हा पुन्हा सदऱ्याला पुसत होता.

मग त्याने हँडल धरलं आणि गाडी स्टँडवरून उचलून सरळ केली. सगळा भार एकदम हातांत आला. गाडी किंचित पलीकडे झुकली. त्याने मोडलेला पाय पुढे रोवला आणि ती तोलून धरली.

ठकू उजव्या बाजूला उकिडवी बसली.

"दिसलं?"

"थांब."

"दोन रेघांच्या मध्ये आहे का?"

"हं."

"मधोमध की खालच्या रेघेला टेकून? नीट सांग. आणि झाकणाच्या कडेला बोट फिरव. ओलं लागतंय?"

"कोरडं आहे. तेलही मधोमध आहे."

पण ती उठली नाही. दादाने टाकीवरून वाकून पाहिलं. काच तिच्या कानाशी होती. ती इंजिनाखालून पलीकडे, फरशीवर घट्ट टेकलेल्या त्याच्या पावलाकडे बघत होती.

त्याने स्टँड लावायला पाय सरकवला, पण लावला नाही.

"चौकापर्यंत मी नेतो," तो म्हणाला. "इंजिनाचा आवाज ऐकायला हवा एकदा. मागे बस. येताना मी चालत येईन."

आई केव्हाची दारात येऊन उभी होती. ती तशाच पिठाच्या हातांनी आत वळली, आणि माळ्यावरचं त्याचं हेल्मेट काढायला तिने स्टूल ओढल्याचा आवाज अंगणात आला.