प्रोफेसरांचा जंतुनाशक चहा

मित्रांनो, मी एक जुनी गाळणी आहे. पुस्तकं बांधणाऱ्या एका बाइंडरच्या दुकानामागे त्याचं घर आहे, तिथल्या ओट्यावर माझं आयुष्य गेलं. नवी असताना माझी जाळी लखलखायची. "चहात एक कण उतरत नाही," असं बाइंडरची बायको शेजारणींना कौतुकाने सांगायची.

मग तिचा थोरला भाऊ रोज चहाला येऊ लागला. त्याला सगळे 'प्रोफेसर' म्हणत. शिकवलं त्याने जन्मात कुणाला नाही. एकदा त्याने कुठेतरी वाचलं की चहाने जंतू मरतात. झालं, अर्ध्या हळकुंडाने स्वारी पिवळी झाली.

"आपण चहा मारतो, चहा जंतू मारतो," तो म्हणाला. "भांडी घासता कशाला? नुसती हिसळा."

तेव्हापासून मला घासणं बंद झालं. चोथा माझ्यातच पडून राहायचा आणि तिसऱ्या दिवशी त्यावर पांढरी बुरशी यायची. जंतू मारणाऱ्या चहावरच बुरशी! पण प्रोफेसरला पुरावा बघायची सवय नव्हती. तो मला आपटून रिकामी करायचा आणि पुन्हा कपावर धरायचा.

एके सकाळी कागद कापताना सुरी सटकली आणि बाइंडरच्या उजव्या अंगठ्यात खोल गेली. त्याच अंगठ्याने तो दिवसभर कागदाच्या घड्या दाबायचा. घरची चूल त्यावर चालायची.

"दवाखान्यात चला," बायको म्हणाली.

"काही नको. चोथा बांध," प्रोफेसर म्हणाला आणि माझ्यातला कालचा चोथा त्याने जखमेवर थापला. मला स्वतःचीच किळस आली. बाइंडरने मात्र अंगठा पुढे केला. बायकोच्या थोरल्या भावाचा शब्द मोडायचा कसा, म्हणे. अशा भिडेला मी मूर्खपणा म्हणते.

दोन दिवसांत अंगठा टरारून सुजला, ताप भरला. तेव्हा बायको उठली.

"दादा, तू चहा पी आणि गप्प बस. अहो, चपला घाला."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पू काढला, हे बायकोने घरी येऊन सांगितलं. "प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत चहाने काही जंतू मरतही असतील," त्या म्हणाल्या. "हा अंगठा आहे, बशी नव्हे."

अंगठा वाचला, पण त्याचं वरचं पेर आता वाकत नाही. बाइंडर तळहाताने घडी दाबतो आणि ती तिरकी बसते. तो ती उलगडतो, पुन्हा घालतो. मला ते बघवत नाही.

प्रोफेसर भेटायला आला. अंगठा न्याहाळत, चहावर फुंकर घालत म्हणाला, "चहा जरा फिका पडला असणार."

मित्रांनो, गाळणी रोज घासत जा. जखम झाली तर साबणाच्या पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. घरी असा कुणी शहाणा आला तर त्याला खुशाल चहा पाजा, पण आपला अंगठा त्याच्या हाती देऊ नका.