बोटभर माया

टेलरबाईंनी आयुष्यभर गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावर कपडे चढवले, पण भिंतीला कपडे घालायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती त्यांच्या चिरंजीवांनी आणली. घराच्या मागच्या अंगाला त्याने लाकडी चौकटीची एक खोली काढली होती. छप्पर झालं, बाहेरून फळ्या ठोकून झाल्या, आता थंडी आत शिरू नये म्हणून खांबांमधले गाळे भरायचे राहिले होते. त्यात भरायची ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर. दिसायला पिवळी, गुबगुबीत आणि गरीब. पण उघडा हात लागला की खाज अशी सुटते की माणसाने नाचायलाच लागावं.

"माणूस लावला असता गं, पण तुझ्यासारखा हात कुठे मिळायचा?" चिरंजीव म्हणाले होते. "आणि खोली तुझीच आहे. शिवणाची खोली! मशीन, कापायचं टेबल, सगळं तिथे. मला तर त्या लोकरीचं वारं लागलं तरी अंगावर गांधी उठतात."

शिवणाची खोली! टेलरबाईंची हयात जेवणाच्या टेबलावर कापड कापण्यात गेली होती. कोणी जेवायला बसलं की पसारा उचला, ताटं उठली की पुन्हा मांडा. त्या नुसत्या हरखून गेल्या. गल्लीत चार घरी सांगून आल्या, आणि मुलगा असावा तर असा, हेही न विचारता सांगून आल्या.

लोकर आणायला त्या स्वतःच गेल्या. दुकानदाराने पट्ट्यांची गुंडाळी बांधून देताना बजावलं, "गाळ्याच्या मापापेक्षा बोटभर जास्त कापा, बाई. म्हणजे लोकर आपली आपण धरून बसते. अगदी नेमकी कापलीत तर कडेला फट राहते. मग भरली काय अन् न भरली काय, सारखंच."

"म्हणजे माया ठेवायची," टेलरबाई म्हणाल्या.

"काय ठेवायची?"

"अहो, शिवणीत जास्तीचं कापड सोडतात ना, त्याला माया म्हणतात. पुढेमागे अंग भरलं तर उसवून वाढवता येतं."

दुकानदार हसला. टेलरबाईही हसल्या. त्या दिवसांत त्यांना कशाचंही हसू यायचं.

नवऱ्याच्या पश्चात कपाटात राहिलेला त्यांचा लांब बाह्यांचा शर्ट त्यांनी चढवला, मनगटांना रबर लावले, नाकातोंडावर मास्क बांधला आणि कामाला लागल्या. फळीवर पट्टी पसरायची, वर पाट दाबायचा आणि धारदार सुरीने एका दमात कापायची. मग गाळ्यात अलगद बसवायची. चेपायची नाही, चेपली की तिची ऊब जाते. बाहेरच्या तिन्ही भिंती त्यांनी अशा भरल्या की बघत राहावं. मुलगा अधूनमधून दारात उभा राहून "वा, आई!" म्हणायचा आणि दोन पावलं मागे सरायचा. त्याची गांधी बिचारी वाट बघत होती ना!

चौथी भिंत घराच्याच बाजूची, स्वयंपाकघराला लागून. तीही भर म्हणाला.

"अरे, स्वयंपाकघरातून कसली थंडी येणार आहे?"

"थंडी नाही गं. मशीनचा आवाज. तू निवांत शिवावंस, आम्ही निवांत बसावं."

पटण्यासारखं होतं. टेलरबाईंनी ती भिंतही भरली. मधला दाराचा गाळा तेवढा मोकळा ठेवला. तिथे लावायला त्यांनी हिरव्या काठाचा पडदा शिवायला घेतला होता. "दाराचं माप काय आलं गं?" असं मुलाने सहज विचारलं, तेव्हा त्यांनी उंची-रुंदी तोंडपाठ सांगितली. मुलगा घरात लक्ष घालतोय, याचंच त्यांना कोण कौतुक.

पडदा झाला त्या दिवशी, उरलेल्या पट्ट्या आवरायच्या म्हणून तोच जुना शर्ट चढवून, पडद्याची घडी हातात घेऊन त्या नव्या खोलीत आल्या, तर मुलगा दाराच्या गाळ्यात लाकडं बसवत होता. एक तळाला, एक माथ्याला, मध्ये एक उभं. जागच्या जागी बसली. कुठे तासायला लागलं नाही की ठोकून घुसवायला लागलं नाही.

"हे काय रे? दार?"

"दार बाहेरून आहे ना, अंगणातून." त्याने वळून पाहिलं नाही. "तुझं तुला स्वतंत्र. पलंगही इकडेच आणू. त्या कोपऱ्यात छोटा गॅस बसवतो. तुला वेळेवर खायला लागतं, आमचं काही खरं नसतं."

स्वयंपाकघरात सूनबाई उभी होती. ती म्हणाली, "तुमच्याच सोयीचं आहे हो, आई." आणि कोरडा असलेला ओटा पुसायला लागली.

टेलरबाई त्या लाकडांकडे बघत राहिल्या. कापड आधी बेततात, मग कापतात. लाकडं कापून आली होती, म्हणजे बेत कधीच झाला होता. आणि माप? माप त्यांच्याच तोंडून घेतलं होतं.

फसवलं. पोटच्या पोराने फसवलं. वेगळी चूल मांडायचंही त्यांना इतकं लागलं नसतं. समोर बसवून सांगितलं असतं, तर त्या पोटभर रडल्या असत्या आणि मग आपणच गाठोडं बांधलं असतं. पण त्याने त्यांना गोड बोलून कामाला लावलं, त्यांच्याच हातांनी त्यांना भिंतीआड घातलं, वर गल्लीत त्याचं कौतुक करवून घेतलं. अंगातला तो जुना शर्ट त्यांना एकदम जड वाटायला लागला.

"हा गाळा मी भरणार नाही," त्या म्हणाल्या.

तो भांडेल, निदान ओशाळेल, असं त्यांना वाटलं होतं. "बरं, मी भरतो," तो म्हणाला, आणि पट्ट्या उचलून अंगणातून फिरून पलीकडे गेला. हातमोजे घातले, सुरी घेतली. गांधीबिंधी काही उठली नाही. हात कसा सराईतासारखा चालत होता! एवढी सगळी लोकर भरताना हा हात कुठे होता?

त्याने पट्ट्या नेमक्या मापाच्या कापल्या. खालची बसली, मग त्याचे गुडघे दिसेनासे झाले. मग छाती. शेवटची पट्टी बसवताना क्षणभर त्याचा चेहरा दिसला, लहानपणी नव्या सदऱ्याची बटणं लावून घेताना असायचा तसा, कामात गुंतलेला. मग तोही गेला.

टेलरबाई पडदा धरून उभ्या होत्या. उभ्या लाकडाच्या कडेला वरपासून खालपर्यंत फट राहिली होती आणि तिच्यातून स्वयंपाकघरातला उजेड येत होता.

"आई!" पलीकडून हाक आली. "ऐकू येतंय का गं?"

अगदी कानाशी बोलल्यासारखं ऐकू येत होतं. 'ओ' त्यांच्या ओठांवर आली होती. त्याच्या हाकेला ओ दिली नाही, असं आजवर झालं नव्हतं. त्यांनी ती गिळली.

"आई?"



"नाही येत ऐकू," तो बायकोला म्हणाला. "सुटलो एकदाचे."